हृदयविकार आणि औषधी वनस्पती: मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मेडिकल चालवताना एक दृश्य नेहमीचं झालंय. शर्टाच्या एका खिशात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या खिशात रविवार कारंज्यावरून आणलेली चूर्णाची पुडी. पुडीबद्दल डॉक्टरांना सांगायचं नाही, गोळीबद्दल वैद्यांना सांगायचं नाही, आणि दोन्हींचं जमेल का ते मात्र मला विचारायचं. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढले. मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही, वैद्यही नाही. वनस्पतीत कोणतं द्रव्य असतं, ते काय करतं आणि कोणत्या गोळीशी त्याचं भांडण होतं, एवढंच इथे सांगतो. तुमची गोळी चालू-बंद करणं माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही.

झाडपाल्याने हृदयाला खरंच फायदा होतो, की सगळं थोतांड?

होतो. मी विकतो त्यातली कितीतरी औषधं झाडांतूनच आली आहेत.

डिजॉक्सिन घ्या. हृदयाचा पंप दमला किंवा ठोके बेताल झाले की ही गोळी दिली जाते. तिचं मूळ डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडात आहे. अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना गावठी काढ्याने उतार पडतो हे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने पाहिलं, काढ्यातल्या वीसेक वनस्पतींमधली नेमकी कोणती काम करते ते शोधलं, आणि किती द्यायचं, कधी थांबवायचं हे १७८५ साली पुस्तकात लिहून ठेवलं.

आपल्या घरचं उदाहरण सर्पगंधेचं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेचं मूळ देऊन जे पाहिलं ते १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रिसर्पीन वेगळं केलं गेलं आणि बरीच वर्षं ते रक्तदाबावरचं महत्त्वाचं औषध होतं. आज ते क्वचितच लिहिलं जातं, कारण त्याने नाक चोंदतं, सुस्ती येते आणि काहींना खोल नैराश्य येतं. सर्पगंधेचं मूळ उगाळून घेणारी माणसं अजून भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

वॉरफरिनची गोष्ट गोठ्यातली आहे. अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि मग माणसांच्या रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

मग गोळी कशाला? मूळ झाडच खाल्लं तर?

मात्रेसाठी. डिजॉक्सिनची नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे एका मिलिग्रॅमचा चौथा भाग. गुण येणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांत अंतर अगदी थोडं. पानात द्रव्य किती असेल हे जमीन, ऋतू, पानाचं वय आणि वाळवण्याची पद्धत यांवर ठरतं. एका चमच्यात अर्धी गोळी आणि दुसऱ्यात चार गोळ्या असं होऊ शकतं. विदरिंगचं मोठेपण झाड सापडण्यात नव्हतं, ते तर गावठी काढा देणाऱ्या बाईला आधीच माहीत होतं. त्याने माप शोधलं.

आणि कधी कधी प्रयोगशाळेतला बदलच कामाचा असतो. आपल्या नद्यांच्या काठी वाळुंजाची झाडं असतात. ज्या विलोच्या सालीपासून ॲस्पिरिनची कहाणी सुरू झाली, त्याच कुळातलं हे झाड. पण सालीतलं द्रव्य जसंच्या तसं घेतलं तर वेदना आणि ताप कमी होतो. स्टेंटनंतर (अरुंद वाहिनीत जाळी बसवल्यावर) गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन देतात, ते काम त्याने होत नाही. प्लेटलेटला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीला, कायमची चिकटून तिला निकामी करणारी ॲसिटिलची शेपटी माणसाने जोडली आहे. बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत, १८९७ साली. त्यामुळे ‘नैसर्गिक ॲस्पिरिन घेतो, गोळी सोडतो’ हा सौदा तोट्याचा.

दारातली कण्हेर ‘हृदयासाठी चांगली’ असं ऐकलं. खरं का?

नाही! कण्हेरीला हात लावू नका. लाल-गुलाबी कण्हेर असो की पिवळी (बिट्टी), दोन्हींत डिजॉक्सिनच्याच जातीची द्रव्यं आहेत आणि ती हृदय थांबवतात. महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात त्याचं एक कारण हेच, की जनावरं तिला तोंड लावत नाहीत. चुकून पोटात गेली तर ‘उलटी झाली, निघून गेलं’ म्हणून घरी बसू नका. थेट दवाखाना गाठा.

अर्जुनाच्या सालीबद्दल काय? आमच्याकडे आजोबा दुधात उकळून घ्यायचे.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

दुधात उकळण्याची रीत शास्त्रोक्तच आहे, तिला क्षीरपाक म्हणतात. दूध, त्याच्या कैक पट पाणी आणि साल एकत्र मंद आचेवर ठेवायची, पाणी आटून दूध उरलं की गाळायचं. सालीत अर्जुनोलिक आम्ल आणि त्याच्या नात्यातली ट्रायटर्पिन वर्गाची द्रव्यं, भरपूर टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी हृदयाच्या पेशींचं रक्षण केलेलं दिसतं.

माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय खूपच कमजोर झालेल्या १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सालीचा अर्क दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम दिला आणि त्यांना बरं वाटलं. बारा माणसं म्हणजे आमच्या दुकानासमोरची सकाळची रांग. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये जास्त रुग्णांवर, बारा आठवडे, खऱ्या-खोट्या औषधाची तुलना करून चाचणी झाली. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद काही वाढली नाही, चालण्याचा दम थोडा सुधारला. माझं मत विचाराल तर अर्जुन हा आशा ठेवण्यासारखा पूरक आहे. मुख्य औषधाची जागा घेण्याइतकं त्याने अजून काही सिद्ध केलेलं नाही.

आता खरेदीची गंमत. अर्जुनाला आपण अर्जुनसादडा म्हणतो आणि काही भागांत ऐनालाही सादडाच म्हणतात. दोघं एकाच कुळातले. दुकानात नुसतं ‘सादड्याची साल द्या’ म्हटलं की काय हातात पडेल सांगता येत नाही. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. अर्जुनाची बाहेरून गुळगुळीत, राखाडी-पांढुरकी, आतून लालसर, आणि बाहेरचे पापुद्रे सुटतात. भुकटी झाल्यावर मात्र ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं राहत नाही, म्हणून घ्यायचीच तर अख्खी साल घ्या.

बीपीची गोळी आणि अर्जुन दोन्ही चालू असतील तर घरी बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

आलं, लसूण, लिंबू, ॲपल व्हिनेगर आणि मध: या काढ्याने ब्लॉकेज निघतात ना? बायपास टळलेल्या माणसाचा मेसेज आहे.

तो मेसेज मला पाच वेगवेगळ्या लोकांकडून आला, पाचही वेळा बायपास टळलेला माणूस वेगळा होता.

घोळ असा आहे की आपण रक्तवाहिनीला सिंकचा पाइप समजतो. आत मळ साचलाय, आंबट ओतलं की सुटेल. ब्लॉकेज तसं नसतं. ते वाहिनीच्या भिंतीच्या आत तयार होतं, त्यात चरबी, पेशी, तंतू आणि जुन्यात तर चक्क कॅल्शियमचे खडे असतात, वर अस्तर असतं. शिवाय लिंबू कितीही प्या, रक्ताची आम्लता शरीर तसूभर हलू देत नाही. चटणी म्हणून मिश्रण चांगलं लागतं. रिकाम्या पोटी घेऊन ॲसिडिटी वाढवून घेतलेले गिऱ्हाईक मात्र माझ्याकडेच येतात.

लसूण तरी?

लसूण बरी आहे. पाकळी ठेचली की तिच्यातलं एक एन्झाइम ॲलिन या द्रव्याचं ॲलिसिन करतं. वास येतो तो त्याचाच. अख्खी पाकळी सरळ फोडणीत टाकली तर उष्णतेने एन्झाइम मरतं आणि ॲलिसिन फारसं बनत नाही. ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग वापरा.

रक्तदाब वाढलेल्यांमध्ये लसणाने तो थोडा उतरतो असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं. कोलेस्टेरॉलचं तेवढं खात्रीचं नाही. स्टॅनफर्डमध्ये १९२ जणांना सहा महिने कच्ची लसूण, गोळ्या किंवा नुसतंच नकली औषध देऊन पाहिलं. २००७ साली निकाल आला, वाईट कोलेस्टेरॉल कुणाचंच हललं नाही. ठेचा खा, पण स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर भाजीतली लसूण चालते, कॅप्सूल विचारून.

आम्ही निफाडचे द्राक्षवाले. द्राक्षात आणि वाईनमध्ये हृदयाचं औषध असतं म्हणतात.

तुमच्या मालाची बदनामी करायची नाही, पण खरं सांगतो. ते औषध म्हणजे रेझवेराट्रॉल, द्राक्षाच्या सालीत असतं. बुरशीचा हल्ला झाला की वेल स्वतःच्या बचावासाठी ते बनवते. लोणी-चीज खाऊनही फ्रेंच लोकांना हृदयविकार कमी का, याचं श्रेय १९९० च्या दशकात रेड वाईनला दिलं गेलं आणि हे नाव जगभर झालं.

हिशेब जमत नाही. एका लिटर रेड वाईनमध्ये ते मोजके मिलिग्रॅम असतं, प्रयोगांत देतात शेकडो मिलिग्रॅम. इटलीत खुद्द कियांती या वाईनच्या मुलखातल्या ६५ वर्षांवरील ७८३ लोकांच्या लघवीत रेझवेराट्रॉलचे अंश मोजले आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्यात जास्त होतं त्यांना हृदयविकार कमी झाला किंवा ते जास्त जगले, असं काही दिसलं नाही. २०१४ ची गोष्ट. आणि दारूचा कोणताच आकडा आरोग्याला निर्धोक नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हृदयासाठी म्हणून पिणं सुरू करू नका.

द्राक्ष फळ म्हणून उत्तमच; मधुमेह असेल तर शंभर ग्रॅममागे १६-१८ ग्रॅम साखर धरून चाला. ज्यूसपेक्षा घोस बरा.

लासलगावचा कांदा?

लाल कांद्यात क्वेर्सेटिन असतं, बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वाधिक. म्हणून सोलताना दोन-दोन थर फेकू नका. रक्तदाबावर त्याचा परिणाम ज्या चाचण्यांत दिसला त्यांत गोळीने दिलेला डोस रोजच्या एका कांद्यातल्यापेक्षा बराच मोठा होता. मिसळीवर कांदा जरूर घ्या. फक्त खाली फरसाणातलं मीठ आहे ते विसरू नका.

कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळ चांगला ना?

एकेकाळी मलाही तसंच वाटायचं. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६० च्या दशकात जुन्या ग्रंथातल्या वर्णनावरून सशांवर प्रयोग केले, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावरून औषध तयार केलं, भारतात त्याला मान्यताही मिळाली. अभिमान वाटावा अशीच ही वाट आहे. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे काटेकोर चाचणी झाली तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलं आणि काहींना अंगावर पुरळ आलं.

वर, गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या गोळ्या रक्तात कमी उतरतात. सांध्यांसाठी योगराज गुग्गुळ घेणाऱ्यांना ‘आपण गुग्गुळ घेतो’ हे लक्षातही नसतं. डिंकासाठी चिरा पाडून पाडून हे झुडूप राजस्थान-गुजरातेत इतकं संपलंय की ते अतिसंकटग्रस्त यादीत गेलंय.

मग तुम्ही स्वतः काय सुचवता?

नाव ऐकून लोकांचा हिरमोड होतो, कारण तिन्ही गोष्टी किराणा दुकानातल्या आहेत.

पहिला इसबगोल. पोट साफ होण्यासाठी सगळे घेतात, पण त्याचा विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज साधारण दहा ग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर त्यांनाही तो धरून बसतो.

दुसरं जवस. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना कॅनडात सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं, तेव्हा नकली जवस खाणाऱ्यांच्या तुलनेत वरचा रक्तदाब सुमारे दहाने कमी भरला. दळलेलंच हवं, अख्खं बी जसं जातं तसं बाहेर येतं. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी होतेच, तिच्यात मीठ निम्मं करा.

तिसरी लाल अंबाडी. पानांची भाजी आपण तांदळाच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन खातो. औषधी काम मात्र लाल बोंडांचं. वाळवलेल्या बोंडांचा चहा रोज तीन कप, सहा आठवडे घेतल्यावर वरचा रक्तदाब साधारण सातने उतरल्याचं अमेरिकेतल्या २०१० च्या चाचणीत दिसलं. रंग देणारी अँथोसायनिन त्यामागे असावीत. साखर घालून त्याचं सरबत केलंत तर मग काय उपयोग!

खोकल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध आहे. बीपीवाल्याने घ्यावा का?

दोन-चार दिवस थोडासा घेतला तर बहुधा काही होणार नाही. रोज चघळायची सवय मात्र सोडा. गाणाऱ्यांना आणि बोलबोल बोलणाऱ्या शिक्षकांना ती हमखास असते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पायाला सूज येते. पोटॅशियम घसरलेलं असताना डिजॉक्सिन चालू असेल तर ठोके बिघडतात. गोळी बदलून-बदलून बीपी उतरत नाही असं कुणी सांगितलं की मी आधी ‘घसा कसा आहे?’ असं विचारतो.

वडिलांचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ करायची गोळी आहे. पालेभाजी बंद करू?

बंद नको, सारखी ठेवा. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल ही औषधं जीवनसत्त्व ‘के’च्या विरोधात काम करतात आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांत ते भरपूर असतं. आठवडाभर काहीच नाही आणि मग माहेरची मेथी आली म्हणून चार दिवस तेच, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा तपासणीतला आकडा, वर-खाली होतो. नवा काढा, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल यांतलं काहीही सुरू करण्याआधी आयएनआर लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. यात माझा सल्लाही पुरेसा धरू नका.

स्टॅटिन म्हणजे केमिकल. त्याला काहीतरी नैसर्गिक द्या.

स्टॅटिनचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांना तांदळावर सापडलेल्या बुरशीत लागला. १९७० च्या दशकात, हजारो बुरशी तपासून. याहून नैसर्गिक मी काय देणार?

एक सावधगिरी: पपनस. त्याच्या भाईबंदातलं ग्रेपफ्रूट आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतं आणि ॲटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्या रक्तात गरजेपेक्षा जास्त चढतात. पपनसातही तसली द्रव्यं आहेत. गणपतीच्या प्रसादाची एक फोड खा, रोज अर्धं फळ नको.

सदाफुलीची पानं चावतो, बीपी आणि शुगर दोन्हींसाठी.

थांबवा. सदाफुलीतून कॅन्सरची अत्यंत जहाल औषधं काढतात.

ऑपरेशन ठरलंय. काय काय सांगावं लागेल?

सगळं. लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल, आल्याचा अर्क, गुग्गुळ, माशाचं तेल, वैद्यांची पुडी. भूलतज्ज्ञ विचारतील ‘काही औषधं चालू आहेत?’ तेव्हा ‘नाही, आयुर्वेदिक आहे फक्त’ असं म्हणू नका. यातल्या बऱ्याच गोष्टी आठवडा-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. उलट ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने थांबवू नका. स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

रामकुंडावर जडीबुटीवाले बसतात. सिंहस्थात तर हिमालयातून आलेले म्हणून. घ्यावं का त्यांच्याकडून?

रुद्राक्ष घ्या हवं तर. पोटात जायची वस्तू नको. पुडीवर परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक लिहिलेले नसतील तर ती वस्तू काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. पाकीटबंद मालही डोळे झाकून घेऊ नये: बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं होतं. आणि ‘हृदयविकार मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा, औषधे व जादुई उपचारांविषयीच्या १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे. कायदा मोडून जाहिरात करणारा औषध नियमात बनवत असेल असं मला तरी वाटत नाही.

छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम येतोय. आधी कोणता काढा द्यावा?

कोणताच नाही. १०८ ला फोन करा आणि त्या माणसाला बसवून ठेवा, चालवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. ॲस्पिरिन द्यायची का ते फोनवरच विचारा. गॅसेस असतील म्हणून ओवा-सोडा देण्यात जो अर्धा तास जातो, त्या अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो.

पुड्या आणि गोळ्या घेऊन दुकानात आलो तर बघून द्याल?

या. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते. चिठ्ठी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि सगळ्या पुड्या एकाच पिशवीत आणा, लेबलं फाडू नका. पैसे पडत नाहीत. मी यादी करून देतो, ती डॉक्टरांनाही दाखवा आणि वैद्यांनाही.

अर्जुनाचं झाड दारात लावलं तर चालेल?

जागा असेल तर लावाच. नदी-ओढ्याकाठचं झाड आहे, त्याला पाणी लागतं आणि ते उंच वाढतं, त्यामुळे भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावा. साल काढायची घाई करू नका. बुंध्याभोवती गोल साल सोलली की झाड वाळतं.